रक्ताला नक्कल येत न्हाई

शिरूर कासारात मला समदे नकल्या म्हणूनच वळखतात. हेडमास्तरची चाल, कंडक्टरचा घसा, चेअरमनचा ढेकर, काय बी मागा. म्हणून एका सकाळी मी कमरेत काटकोन करून, भिंत धरत दारात आलो, तवा शेजारचा चुलता खदाखदा हसला.

"आज कुणाला धरलंस बे?"

"चुलते, खरंच सरळ व्हता येईना."

"लई भारी! परत कर की."

दुखण्याला वन्समोअर मिळालेला मी पयलाच असंल.

दुपारपर्यंत हिंडून-फिरून मी ताठ व्हायचो. मग तर कुणाचा इश्वासच बसंना. सकाळी वाकडा अन् दुपारी सरळ, असला आजार कुणी बघितलाय? शेवटी माय मला बीडला घेऊन गेली. डॉक्टरीणबाई म्हणल्या, मणक्याचा वात हाय. तरण्या पोरांनाच धरतो, जात न्हाई, पण आवरता येतो. त्यांनी रक्त तपासायला लावलं. ईएसआर म्हणून एक तपासणी असती. रक्त नळीत उभं करून ठिवतात अन् तासाभरात तांबड्या पेशी किती खाली बसल्या ते बघतात. अंगात सूज असली की त्या भराभर बसतात. दुसरी सीआरपी, ती बी सुजेचीच. माझ्या दोन्ही चढलेल्या.

मला तर दवाखान्यातच नाचावं वाटलं. मी कुणाचा बी आवाज काढीन, पण माझ्या रक्ताला नक्कल येत न्हाई. रिपोर्ट खिशात घालून गावभर हिंडलो. चुलत्याला दोनदा दाखवला.

गोळ्या सुरू झाल्या, पाठ सैल झाली. पुढच्या खेपेला दोन्ही तपासण्या नॉर्मल आल्या अन् तिथंच माशी शिंकली.

दसऱ्याच्या आधी मुकादम आला. ऊसतोडीला कोण कुठल्या कारखान्यावर जाणार, ते त्याच्याच हातात. नवराबायकोची जोडी म्हंजी एक कोयता, एकटा गडी म्हंजी अर्धा. माय अन् दादा, म्हंजी माझा बाप, हे एक. मी अर्धा. तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं, ते माझं काम.

मुकादमानं रिपोर्ट उलटापालटा केला. "नॉर्मल लिवलंय की. बरा झाला पोरगा. गोळ्या बंद कर अन् चल."

"गोळ्या हायेत म्हणून नॉर्मल हाय," मी म्हणलं. "मोटर चालू हाय म्हणून हिरीचं पाणी खाली गेलंय. मोटर बंद करा, बघा वर येतंय का न्हाई."

"बोलतो झकास. उसाच्या फडात बोल, बायांची करमणूक व्हईल."

मी त्याच्याच घोगऱ्या आवाजात म्हणलं, "मोळी उचल रं पोरा! मणका मोडला? दुसरा आन!"

माय पदरात हसली. मुकादम लालेलाल. दादाला मात्र हसू आलं न्हाई. "एवढा हंगाम काढ," तो म्हणला. "गोळ्या काय, मागून बी खाता येतील."

"कावून मागून? पाठ आत्ता हाय ना?"

"मला उलट बोलतो का?"

"बोलतो. मी येणार न्हाई. गोळ्या बी सोडणार न्हाई."

"मग ऱ्हा एकटा!"

राहिलो. तोडीची माणसं भरून ट्रक हलला तवा माय हात हलवत होती, दादा पुढं बघत होता. चुलता म्हणला, बापाला एकटा सोडलास. मी म्हणलं, बाप एकटा न्हाई, माय हाय संगं. एकटा मी हाय, अन् मला भाकरी येत न्हाई. चार दिवस करपलेली खाल्ली. पण सकाळी भिंत न धरता उठलो.

तपासणीची तारीख आली तसा बीडला जाऊन रक्त देऊन आलो. रिपोर्ट मोबाईलवर आला त्या सांजंला दादाचा फोन आला. ट्रक गेल्यापासून पयलाच.

"रक्त दिलंस का?"

"दिलं. नॉर्मल आलंय."

तिकडं ट्रॅक्टर घरघरत होता. मी तयारीतच होतो. ये म्हणला तर काय बोलायचं, ते पाठ केलतं.

"मग गोळ्या?"

"चालूच हायेत. चालूच ऱ्हाणार."

"तेच इचारतोय," दादा म्हणला. "संपायच्या आदी आनत जा. खंड पाडू नको."