ऐरणीजवळची बाज

१९६१ साल. मी तीस वर्षांचा, पुसदला लोहारकी करत होतो. शेजारच्या खोलीत दवाखान्यातली नर्सबाई राहायची. आठवडाभर दिवसपाळी, आठवडाभर रातपाळी. रातपाळीत खिडकीला घोंगडं लावून दिवसा झोपायची. गल्ली म्हणे, "दिवसा लोळते, अवदसा." मीही हट्टानं सकाळीच हातोडा चालवायचो.

एकदा रातपाळीहून आली आणि बाज ओढत थेट माझ्या ऐरणीपाशी.

"बाई, इथं काहून?"

"आत तुमी झोपू देत नाही, भाऊ. आता साऱ्यायच्या समोर झोपतो. रातभर दुखणाईत सांभाळले, चोरी नाही केली. ठोका तुमी."

पदर तोंडावर घेऊन झोपली. माझा हातोडा काही खाली येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऐरण उपटून दूर नाल्याकडे नेली. विचारणाऱ्याला सांगितलं, "माही ऐरण हाय, कुठंही गाडीन."