सिग्नलबुवा

सिग्नलबुवांचा उजवा हात वर गेला की मैदानावर सगळं थांबायचं. वकील बोलता बोलता थांबत, कंपाउंडर पंखा फिरवता फिरवता थांबे, आणि बांधावरून जाणारी एखादी म्हैससुद्धा थांबल्यासारखी वाटे. उंच, वाळकी शरीरयष्टी, डोक्याला लाल पटका, दंडापर्यंत मातीने माखलेला हात, आणि त्या हाताचा पंजा आभाळाकडे उघडलेला. हात खाली येईपर्यंत आमच्या क्लबातलं एकही विमान उडत नसे.

वाशीमला तेव्हा आगगाडी नव्हती. सिग्नल म्हणजे काय ते गावात फारसं कोणी पाहिलेलं नव्हतं. हे नाव त्यांना दिलं आमच्या फिटरने. तो लढाईत हवाई दलाच्या वर्कशॉपमध्ये होता. लढाई संपल्यावर घरी आला तो डोक्यात विमानंच घेऊन. मी हायस्कुलात विज्ञान शिकवत असे. त्याने मला गाठलं, मी शिंपीदादांना आणि दवाखान्यातल्या कंपाउंडरला गाठलं, एक वकील आपण होऊन आले, आणि गावाबाहेरच्या सरकारी पडीत जमिनीवर आमचा छोट्या विमानांचा क्लब सुरू झाला. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा पंखा आणि सायकलच्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या. पट्ट्यांना पीळ द्यायचा आणि विमान सोडायचं. मी सेक्रेटरी होतो.

मैदानाला लागून एका माळ्याची वाडी होती. वांगी, मेथी, कोथिंबीर. दुसऱ्याच आठवड्यात माझं विमान वाऱ्याबरोबर भरकटलं आणि त्या वाडीत जाऊन पडलं. थोड्या वेळाने वाडीचा मालक विमान दोन्ही हातांवर आडवं धरून आला. आजारी पाखरू आणावं तसं. आम्ही आपसात कुजबुजलो, आता नुकसानभरपाई मागणार. मीच पुढे होऊन म्हटलं, "बुवा, वांग्यांचं काय नुकसान झालं असेल ते सांगा."

"वांग्याचं नाव कायले काढता?" ते म्हणाले. "वांगे दुसरे येतीन. माही बायको वाकून भाजी खुडून राह्यली होती. हे इमान तिच्या कानाजोळून गेलं. डोया फुटला असता तं कोनं आनून देल्ला असता, तुमी?"

विमानाला ते शेवटपर्यंत 'इमान'च म्हणत. आम्ही सगळे खाली मान घालून उभे. फिटर म्हणाला, "चूक झाली. पुन्हा होणार नाही."

"होनार नाई कसं? तुमी तं सारे वरतं पाहून राह्यले. खालतं कोन पाह्यते?"

मग तेच म्हणाले, "मी पाह्यतो." आणि दुसऱ्या दिवशी, भाजीचा भारा बाजारात पोचवून, पटका नीट बांधून, ते मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले.

आमच्याकडे नियम नव्हते असं नाही. फिटरने कुठल्याशा इंग्रजी पुस्तकातून उतरवून आणलेले सतरा नियम मी सुंदर अक्षरात लिहून पेटीत ठेवले होते. ते पेटीतच राहिले. बुवांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी नियम सगळ्यांच्या तोंडी बसवले. मानसाकडे, ढोराकडे, वाटेकडे तोंड करून उडवाचं नाई. वारा पाह्यल्याबिगर उडवाचं नाई. कोनाच्या पिकात पाय टाकाचा नाई. आणि हे सगळं पाहून झालं की ते विचारत, "पाह्यलं?" आपण हो म्हणालो की म्हणत, "आता फिरून पाहा." त्या दुसऱ्यांदा पाहण्यात हटकून काहीतरी सापडे. पंखाचा सरस सुटलेला असे, नाहीतर शेण वेचणारी एखादी बाई बाभळीमागून निघत असे.

वारा त्यांना आमच्यापेक्षा कळत होता. चिमूटभर माती सोडून ते दिशा सांगत, आणि मातीही न सोडता सांगत तेव्हाही बरोबरच सांगत. "ऊन थोडं चढू द्या, आता हा वारा पलटते," असं म्हणून ते खाली बसत. वकील चिडत. वकिलांना कोर्टाची घाई असे. पण वारा पलटे.

त्यांचा आणखी एक नियम होता, तो कुठल्याच इंग्रजी पुस्तकात नसावा. पडलेल्या विमानावर हसायचं नाही. एकदा शिंपीदादांनी महिनाभर खपून केलेलं विमान चार हात उडालं आणि नाकावर आपटलं. वकील खदाखदा हसले. बुवांचा हात वर गेला. सगळं थांबलं. ते वकिलांना म्हणाले, "वकीलसाहेब, उचलून आना ते." वकील म्हणाले, "मी?" "हसले कोन?" वकील गेले, धोतर सावरत, आणि एकेक कामटी गोळा करून त्यांनी शिंपीदादांच्या हातात ठेवली. ठेवताना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "दादा, पंखांची शिवण मात्र फार बारीक घातली होती तुम्ही." त्या दिवसापासून त्या दोघांची दोस्ती जमली ती कायमची.

मग फिटरने कलकत्त्याहून इंजिन आणलं. मुठीएवढं, पण आवाज असा की कानठळ्या बसाव्या. ते इंजिन लावलेलं विमान दोन बारीक पोलादी तारांना बांधलेलं असे. तारांची मूठ हातात धरून फिटर मधे उभा राही आणि विमान त्याच्याभोवती गरगर फिरे. बुवांनी पहिल्याच दिवशी तारांच्या टोकापासून वीस पावलं मोजली आणि तिथून दोरीचं रिंगण आखलं. "दोरीच्या आत फिटर आन् इमान सोडनारा. तिसरा नाई. आन् रस्त्यानं गाडी दिसली का इंजन बंद."

एका गुरुवारी बुवा नात्यातल्या लग्नाला मेडशीला गेले होते. त्यांच्यामागे उडवायचं नाही असं ठरलेलं होतं. पण हवा स्वच्छ होती, वारा नव्हता, आणि सेक्रेटरी मी होतो. मी म्हटलं, "एकदाच उडवू." रस्ता कोणी पाहिला नाही. इंजिन गरजलं आणि त्याच वेळी कापसाची एक गाडी वळणावरून आली. बैल बुजले, गाडी नालीत कलंडली, गाडीवान खाली आला आणि त्याचा खांदा निखळला. कंपाउंडरने तिथल्या तिथे खांदा बांधला आणि त्याला घरी पाठवलं. पण तक्रार कचेरीत गेली. आठ दिवसांत हुकूम आला. मैदान बंद. अकोल्याहून मोठे साहेब येतील, उडवून दाखवा, मग काय ते ठरेल.

बुवा परत आले तेव्हा मी स्वतःच त्यांच्या वाडीवर गेलो. सगळं सांगितलं. ते मोटेवर होते. बैल थांबवून त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, आता रागावतील. ते एवढंच म्हणाले, "गाडीवाल्याले पाह्यले गेल्ते काय?"

आम्ही गेलो नव्हतो. कचेरीत अर्ज नेऊन दिला होता, वकिलांनी कायदा काढून पाहिला होता, पण त्या माणसाच्या दारात आमच्यापैकी एकही गेला नव्हता.

"चाला," बुवा म्हणाले.

तीन कोस चालून आम्ही त्याच्या खेड्यात गेलो. बुवांनी टोपलीभर भाजी नेली होती. गाडीवान ओसरीवर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. मी त्याच्यापुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "चूक माझी आहे. त्या दिवशी उडवायला मीच सांगितलं." तो बुवांना म्हणाला, "शायेचा मास्तर चुकलो म्हनून राह्यला, असं मी पहिल्यांदा आयकलं." नंतरचे पंधरा दिवस आम्ही पाचही जण आळीपाळीने त्याचा उरलेला कापूस वेचायला जात होतो. वकीलसुद्धा.

साहेब आले त्या दिवशी गाव लोटलं होतं. रस्त्याच्या वळणावर गाड्या अडवायला कोणीतरी हवं होतं. तो गाडीवान आपण होऊन आला आणि एका हाताने गाड्या थांबवत उभा राहिला. दोरी आखलेली होती. लोक दोरीबाहेर होते. एकच चूक झाली होती, आणि ती मी केली होती. ऊन कडक होतं. मैदानावर सावली एकाच कडुनिंबाची, आणि ती पडत होती दोरीच्या आत. साहेबांची खुर्ची मी त्या सावलीत मांडली.

फिटरने मूठ धरली. शिंपीदादांनी विमान धरलं. इंजिन सुरू झालं. बुवांचा हात वर होता, तो खाली येईना. मी धावत गेलो.

"बुवा, हात खाली करा! साहेब खोळंबलेत."

"खुर्ची दोरीच्या आत हाय."

"अहो, ते साहेब आहेत!"

"मंग तं आनखीनच मांगं घ्या. आपल्यापाशी एकच साहेब हाय."

शिंपीदादांनी इंजिन बंद केलं. साहेबांनी विचारलं, "काय झालं?" बुवा त्यांच्यासमोर गेले. हात अजून वरच होता.

"साहेब, तुमी दोरीच्या आत बसले. इथून उठल्याबिगर इमान उडनार नाई."

साहेबांबरोबरचे अंमलदार ओरडले, "कोणाशी बोलतोस कळतं का? मैदान कायमचं बंद होईल!"

"होऊ द्या," बुवा म्हणाले. त्यांचा आवाज जराही चढला नाही. "मी वांगे लावीन आपले. पन तार तुटून कोनाले लागलं तं मी कोनाले तोंड दाखवू?"

फिटर मधोमध पुतळ्यासारखा उभा होता. त्याचं सगळं आयुष्य त्या मुठीत होतं. साहेबांनी बुवांकडे पाहिलं, मग तारांकडे, मग दोरीकडे. मनातल्या मनात त्यांनी अंतर मोजलं असावं. ते उठले. मी खुर्ची उचलायला धावलो, पण त्यांनी ती स्वतःच उचलली, दोरी ओलांडली आणि टळटळीत उन्हात मांडून बसले.

"आता?" त्यांनी विचारलं.

बुवांनी एकदा चहूकडे पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. आणि हात खाली आला.

असं उड्डाण मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. विमान जमिनीवरून सुटलं, छातीइतकं वर आलं, डोक्याइतकं आलं, आणि पांढरी रेघ ओढल्यासारखं फिटरभोवती फिरू लागलं. फिटरने ते वर चढवलं, खाली आणलं, पुन्हा चढवलं. लोकांच्या माना त्याच्याबरोबर गोल फिरत होत्या. तेल संपलं, आवाज थांबला, आणि नुसत्या वाऱ्यावर तरंगत ते गवतावर अलगद उतरलं. मग जो आवाज उठला तो बाजारापर्यंत ऐकू गेला म्हणतात.

अंमलदार मात्र धुसफुसत होते. "काहीच तर झालं नाही. उगाच साहेबांना उन्हात बसवलं."

"काईच झालं नाई," बुवा म्हणाले, "त्याच्याचसाठी तं उभा होतो मी."

साहेब मोठ्याने हसले. तिथेच मांडीवर कागद ठेवून त्यांनी हुकूम लिहिला. मैदान क्लबाला द्यावं. अट एकच. हे गृहस्थ हजर असल्याशिवाय काहीही उडवू नये. मी तो हुकूम मोठ्याने वाचला आणि गर्दी दोरी तोडून आत घुसली, बुवांना खांद्यावर घ्यायला. बुवा ओरडत होते, "अरे, मांगं सरा! इंजन गरम हाय! कोनी हात लावू नका!" पण त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचं कोणी ऐकलं नाही.

पुढे क्लब वाढला. अकोल्याचे लोक आमचं मैदान पाहायला आले आणि बुवांचे नियम लिहून घेऊन गेले. मी तिथे होतो तोवर कोणाच्या डोळ्याला, बोटाला, बैलाला काही झालं नाही.

मग माझी बदली अमरावतीला झाली. निघायच्या दिवशी मी मैदानावर निरोप घ्यायला गेलो. बुवांनी इतक्या वर्षांत एकदाही विमान स्वतः उडवलं नव्हतं. पाहणाऱ्याने उडवायचं नाही असं त्यांचं म्हणणं. मी शिंपीदादांचं रबरी पट्ट्यांचं विमान त्यांच्यापुढे धरलं. "आज तुम्ही उडवा. खालचं मी पाहतो."

ते नको नको म्हणाले. मग पटकन घेतलं. पीळ मोजून दिला. पलीकडे वाडीवर एक घार पंख न हलवता, तापल्या वाऱ्याबरोबर वर वर चालली होती. बुवा तिच्याकडे पाहत थांबले, आणि तिच्या दिशेने त्यांनी विमान सोडलं.

ते चढलं. रबराचा पीळ संपला, पंखा थांबला, तरी ते चढतच राहिलं. वाडीवरून, विहिरीवरून, घारीच्याही वर. कागदाचे पंख उन्हात एकदा चमकले.

"मास्तर, चाललं पाहा!" बुवा ओरडले. साठीचा तो माणूस बांधावर उड्या मारत होता. "अजून चढून राह्यलं! खालतं कायले येते आता ते!"

रस्त्यावर अमरावतीला जाणारी मोटार भोंगा वाजवत होती. आम्ही दोघे कपाळावर हात धरून बघत राहिलो. विमान ठिपक्याएवढं झालं, मग दिसेनासं झालं. कुठे उतरलं ते कोणालाच कधी कळलं नाही.