किलोमीटरभर हवेचा एकच वारा

आमच्या घरात कॉलेज पास झालेली मी पहिली, आणि हे सांगायला मी लाजत नाही. उत्तनच्या किनाऱ्यावर वाढले, आता मीरा रोडच्या एका खासगी कंपनीत वादळी वाऱ्याचे अंदाज काढते. "मोबाईलवरचा वारा आमची पोरगी धाडते," असं आई गल्लीभर सांगायची.

मागे अरबी समुद्रात वादळ उठलं. आमचं मॉडेल सोपं: समुद्रापासून वर किलोमीटरभर हवा म्हणजे एकच जाड थर, त्याला एकच सरासरी वारा. गणित झटपट होतं, वादळाचा ढोबळ अंदाज येतो; त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण खाली पाणी, झाडं, घरं वाऱ्याला अडवतात. जमिनीलगत तो मंदावतो, वर मोकळा सुटतो. साहेबांनी थराचा आकडा जसाच्या तसा ॲपवर चढवला.

मी म्हटलं, "सर, हा किनाऱ्यावरचा वारा नाही. कमी करा, नाहीतर निदान उंची तरी लिहा."

"पब्लिकला एकच आकडा लागतो गं. उंची-बिंची कोण वाचतंय?"

आईला फोन लावला, तोवर तिने बांबूच्या वलांडीवर वाळत टांगलेले अर्धेओले बोंबील उतरवून ताडपत्रीखाली ढीग घातला होता.

"तुमच्याच ॲपवर आलंय ना, बाय? शेजारणींनाबी काढायला लावलं."

"आई, परत टांग ते."

"आता? माझं हसं करतील सगळ्या!"

वादळ लांबूनच सरकलं. आमच्याकडे वारा आला तो नुसता पदर उडवून गेला. तीन दिवसांनी मी घरी पोचले तेव्हा ताडपत्रीखाली काळपट, चिकट लगदा होता आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. मी ओढणी नाकाला लावली. शेजारीण कुंपणावरून ओरडली, "तुझ्या पोरीचा वारा लई महाग पडला गो!" आई फावड्याने सगळं माडाच्या बुडाशी ओढत राहिली.

नंतरच्या मीटिंगमध्ये पडद्यावर उत्तनच्या रिकाम्या वलांड्यांचा फोटो. साहेब म्हणाले, "बघा, लोकांनी आपलं ऐकलं. झिरो डॅमेज!" टाळ्या वाजल्या. त्या लगद्याची आली नव्हती एवढी किळस मला त्या टाळ्यांची आली.

मी उभी राहिले. "यातली एक वलांडी माझ्या आईची आहे. तिचे बोंबील कुजले, शेजारणींचेही कुजले. यापुढे उंची लिहिल्याशिवाय किनाऱ्याचा अंदाज मी पाठवणार नाही. काढायचं तर काढा मला."

कुणीतरी खाकरलं. साहेबांनी माझ्याकडे न बघता बटण दाबलं.

"चलो, नेक्स्ट स्लाइड."