अंगानं भरलेला

माझा थोरला भाऊ पैलवान. आमचं गाव कळमनुरीच्या बाजूचं. जिल्हा वेगळा झाला त्या सुमाराला त्याला जत्रेतली मानाची कुस्ती मारायची होती आणि समोरची जोड वजनानं भारी होती. म्हणून तो शहरातल्या एका ओळखीच्याकडून ताकदीच्या सुया घ्यायला लागला. घरात चोरून काही नव्हतं. सुई म्हणजे चांगलंच काहीतरी, एवढीच आमची अक्कल.

आधी दंड फुगले. मग गाल, मग पापण्या. पायात वहाणा जाईनात, पोटरीवर अंगठा दाबला की खड्डा तसाच राहायचा. गाव म्हणायचं, "पोरगं काय अंगानं भरून राहिलं!" कौतुक करायला आमच्या गावाला काहीही चालतं. माय मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची आणि म्हणायची, "बघ, ठसकाच न्हाई आला. केवढी नजर लागली लेकराला." नजर उतरली की दूध वाढवायची. माहेरी आले की बदाम मी वाटायचे.

कुस्ती झालीच नाही. आखाड्याच्या हौद्यात उतरला आणि धाप लागून खाली बसला. नांदेडला नेलं. डॉक्टरांनी विचारलं तशी त्यानं सगळ्या सुया सांगितल्या, अंगदुखीच्या गोळ्याही सांगितल्या. डॉक्टर मायला म्हणाले, "दोन्ही किडन्या गेल्यात. हे अंग नाही, सूज आहे." माय मान हलवत राहिली.

यंत्रावर रक्त धुऊन धुऊन अंगातलं पाणी काढलं, तेव्हा त्याच्या गालाची हाडं वर आली. त्याचं खरं तोंड मला कितीतरी दिवसांनी दिसलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मायनं मात्र तोंडात पदर कोंबला. "डागदरसायब, काहून वाळवलं हो माझं लेकरू?"

पुढं तो फार टिकला नाही. मला रडू आलं नाही. अजूनही कुणी विचारलं तर एसटीची वेळ सांगावी तसं सांगते.

भिंतीवर लावायला मी मायपुढं दोन फोटो ठेवले. एक माझ्या लग्नातला, सुयांच्या आधीचा, सडपातळ, हसणारा. दुसरा जत्रेच्या महिन्यातला, सुजून डोळ्यांच्या फटी झालेला. मायनं दुसरा उचलला. "ह्याच्यात बघ, कसा भरलेला दिसतो." मी तोच फ्रेमवाल्याला नेऊन दिला.

दिवाळीला माहेरी गेले की मी तो पुसते. त्या पापण्यांवरून फडकं फिरवताना काही वाटत नाही. माय मागं बसून दरवेळी तेच विचारते, "कुणाची नजर लागली असंल गं त्याला?"

"लागली असंल कुणाची तरी," मी म्हणते आणि फोटो परत खिळ्याला अडकवते.