उसवायला टांगलेली घोंगडी

त्या बाईंचा मला अजून राग येतो. तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

मी तेव्हा पुण्यात, हातमागाचं कापड परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत कामाला होते. भालकी तालुक्यातल्या आमच्या गावातून कॉलेजपर्यंत पोचलेली धनगराची पहिली पोरगी, त्यामुळे डोक्यात थोडी हवा होतीच. या बाई कंपनीच्या मालकांच्या ओळखीच्या. कलाकार होत्या, पण चित्रं काढत नसत, मोठमोठ्या वस्तू मांडत. गोव्यात समुद्रकाठी कलामहोत्सव भरणार होता आणि तिथं लोकांना खेळता येईल असं काहीतरी लोकरीचं मांडायचं त्यांच्या मनात होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. मीच फुशारकीनं सांगून टाकलं, "माझे वडील घोंगड्या विणतात."

विणायचे, असं म्हणायला हवं होतं. भालकीच्या बाजारात रंगीत, मऊ ब्लँकेटांचे ढीग लागले तेव्हापासून काळी, टोचरी घोंगडी विचारणारं कुणी उरलं नव्हतं. अप्पा दुसऱ्याच्या उसात मजुरीला जायचे आणि पाय सोडून विणायला बसायचं त्या मागाच्या खड्ड्यात कोंबड्या बसायच्या. आमच्यात बाई कातते आणि गडी विणतो. आई जाऊन चार वर्षं झाली होती. तिनं कातलेल्या लोकरीच्या सुताचे गुंडे एका पोत्यात तसेच होते. अप्पा ते विकतही नव्हते आणि विणतही नव्हते.

बाई आमच्या घरी आल्या, चहा प्यायल्या, मागाचे फोटो काढले. मग म्हणाल्या, "बाबा, मला एक मोठी घोंगडी हवी आहे. समुद्रावर टांगणार. लोक येतील आणि तिला हात लावतील."

घोटाळा झाला तो इथं. आमच्याकडं रस्त्यानं जाणाऱ्याला 'जरा हात लावा' म्हटलं की तो गवताचा भारा उचलून तुमच्या डोक्यावर देतो आणि पुढं जातो. हात लावणं म्हणजे कामाला मदत करणं. अप्पा एकदम खुलले. "लावू द्या की! हात लावल्याबिगर काम कुटं हुतंय? लई जण येतील व्हय?"

"खूप!" बाई म्हणाल्या.

"पर माल परत पायजे बगा. हिच्या आईनं कातलेलं सूत घालणार हाय म्या. त्ये आता पुन्यांदा हुनार न्हाई."

"हो हो, बाबा," बाई म्हणाल्या. हे 'हो हो' मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

अप्पांनी कोंबड्या हाकलल्या, मागाची डागडुजी केली, सुताला द्यायची चिंचोक्याची खळ शिजवली. पुढचे दोन महिने ते पहाटेपासून मागावर असत. फोनला घाबरणारे अप्पा गावातल्या एसटीडी बूथवरून मला फोन करून सांगत, "आज लई झाली बग." पट्ट्याला पट्टा जोडून अंगणभर घोंगडी झाली. माणसं ती पाहायला पार जनवाड्याहून आली. इतक्या खुशीत मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

घोंगडी बाईंच्या गाडीतून आधीच पुढं गेली होती. अप्पा आणि मी मागनं बसनं गोव्याला निघालो. अप्पांच्या पिशवीत दोन टकळ्या आणि पिंजलेली लोकर होती. मी विचारलं, "ह्ये कशाला?"

"लोकं हात लावाया येनारेत न्हवं? त्येंला कातायला दाखवावं लागंल की." मला हसू आलं. त्यांचा गैरसमज झालाय हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं, पण मी माझ्याच नादात होते. नवा ड्रेस घेतला होता मी त्या महोत्सवासाठी.

वाळूत बांबूंचा मांडव होता आणि त्यावर आमची घोंगडी टांगलेली. खालचा काठ कातरीनं कापून सुतांची टोकं मोकळी सोडली होती आणि टोकाटोकाला घुंगरू बांधलं होतं. टोक ओढलं की घुंगरू वाजायचं आणि सूत हातात यायचं. लोक ते मनगटाला गुंडाळून, गाठ मारून हसत हसत निघून जायचे. शेजारी इंग्रजीत पाटी होती: ओढा, उसवा, घरी न्या. शेवटच्या दिवशी नुसता मांडव उरेल आणि तो रिकामा मांडव हीच खरी कलाकृती, असंही खाली बारीक अक्षरांत होतं. मी हे सगळं सकाळी पोचल्या पोचल्या वाचलं.

आणि गप्प बसले. बाईंच्या भोवती कॅमेरे होते, परदेशी पाहुणे होते. त्यांच्यासमोर मला गावंढळ ठरायचं नव्हतं.

अप्पांना कापलेला काठ दिसला. "कुनी कातर लावली हिला?"

"म्हाईत न्हाई," मी म्हणाले.

त्यांनी बंडीच्या खिशातून दाभण काढला आणि वाळूत मांडी घालून काठ शिवायला बसले. या टोकाला अप्पा शिवायचे, त्या टोकाला लोक ओढायचे. घुंगरं वाजली की अप्पा मान वर करून म्हणायचे, "वढायलाव कामून? बसा हितं, हात लावा." लोकांना वाटलं, म्हातारा खेळाचाच भाग आहे. टाळ्या पडल्या. बाई तर हरखूनच गेल्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हे तर मला सुचलंच नव्हतं! तीन दिवस असंच बसतील का ते?"

माझ्या अंगाची आग झाली. मी अप्पांजवळ जाऊन बसले आणि पाटी मराठीत वाचून दाखवली. सगळी, बारीक अक्षरांसकट.

दाभण थांबला. अप्पांनी बाईंकडे पाहिलंच नाही. "तुला कवा कळलं ह्ये?"

"सकाळी."

तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. "आन् तू बगत बसलीस," ते म्हणाले. आयुष्यात त्यांनी माझ्यावर हात उगारला नव्हता. तेव्हा उगारला असता तर बरं झालं असतं.

ते उठले आणि मांडवाला बांधलेल्या घोंगडीच्या गाठी सोडायला लागले. बाई धावत आल्या. "अगं, समजाव ना त्यांना! आपलं ठरलं होतं!" मी म्हणाले, "परत द्यायचं ठरलं होतं." माझा आवाज इतका चढला की आसपासचे लोक थांबून बघायला लागले. बघू देत, म्हटलं.

गेलेलं सूत आणायचं होतं. मी वाळूवरून एकेकाला गाठत गेले. हिंदीत, मोडक्या इंग्रजीत सांगत होते, हे माझ्या आईनं कातलेलं आहे, परत द्या. काहींनी मुकाट्यानं सोडून दिलं. काहीजण आधीच निघून गेले होते, त्यांचं गेलं ते गेलंच. काळा चष्मा लावलेला एकजण मनगट पुढं करून हसत म्हणाला, "हाही खेळातलाच भाग का?"

मी त्याचं मनगट धरलं आणि दातांनी गाठ तोडली. तो ओरडला. माझ्या मागं अप्पा पिशवीचं तोंड उघडून उभे होते.