एक जूनचा जन्म

पेठ तालुक्यातल्या डोंगरात केरू भोये गुरुजींनी जितकी मुलं जन्माला घातली, तितकी कुठल्या सुईणीच्या हातूनही झाली नसतील. म्हणजे कागदावर. आणि ती सगळीच्या सगळी एक जूनला. बाप पोराला बखोटीला धरून शाळेत आणायचा. गुरुजी जन्मतारीख विचारायचे आणि बाप डोकं खाजवत म्हणायचा की लावणी चालली होती, किंवा बिबट्याने गोऱ्हा नेला त्याच्या आधीची गोष्ट. एवढ्यावरून तारीख निघणार कशी? मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायचे. बोटं कानाला लागली की पोरगं सहा वर्षांचं झालं. साल मागे मोजायचं आणि तारीख टाकायची एक जून, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडताना कुणाची अडचण नको. यात आपण काही वावगं करतो असं गुरुजींना कधी वाटलं नाही. त्यांचा स्वतःचा जन्मही एक जूनचाच होता.

एरवी माणूस सरळ, जरा जास्तच सरळ. शाळेचा खडू चुकून खिशात घरी आला तर सकाळी परत नेऊन ठेवणारा. आणि तापट. दुसऱ्याची लबाडी दिसली की गुरुजींच्या मानेची शीर फुगायची, मग समोर सरपंच असो नाहीतर केंद्रप्रमुख.

पंचाण्णव साली त्यांच्या शाळेचा पट एका मुलाने कमी पडला. तेवढ्यावरून दुसऱ्या शिक्षकाची जागा जाणार होती आणि चारही वर्ग त्यांच्या एकट्याच्या गळ्यात पडणार होते. घरी लेक तृप्ती होतीच. पाच वर्षंही पुरी झालेली नव्हती, पण पाटी घेऊन रोज शाळेच्या उंबऱ्यात बसायची. गुरुजींनी तिला उभं केलं, हात डोक्यावरून घ्यायला लावला. बोटं कानाच्या बरीच वर राहिली. गुरुजींनी तिची मान जराशी कलती केली, कान बोटांना लागला आणि तृप्ती केरू भोये जन्मली एक जून एकोणनव्वदला. खरी ती त्याच्या पुढच्या वर्षी, नव्वदच्या पोळ्याला, आजोळच्या पाड्यावर झाली होती. जन्माची नोंद सासरे करतील असं गुरुजींना वाटलं आणि सासऱ्यांना वाटलं, जावई मास्तर आहे, तोच करेल. कुणीच केली नाही.

पुढे गुरुजींची बदली देवळाली कॅम्पजवळच्या शाळेत झाली. कॅम्पात भाड्याची खोली घेतली. तिच्यामागे जुनं टेनिस कोर्ट होतं आणि फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले सावळीराम सर तिथे संध्याकाळी मुलांना खेळवायचे. तृप्ती आधी जाळीबाहेर आलेले चेंडू आणून द्यायची, मग जाळीच्या आत गेली, आणि एकदा आत गेली ती बाहेर यायला तयार होईना. सावळीराम सर फारसं कुणाचं कौतुक करत नसत. पण एके दिवशी खोलीवर येऊन चहा घेता घेता ते म्हणाले, की पोरगी पायाने खेळते, हाताने सगळेच खेळतात. गुरुजींना त्यातलं काही कळलं नाही. ते फक्त इतके खूश झाले की सरांच्या कपात दुसऱ्यांदा साखर घालून बसले.

नाशिक, पुणे, सोलापूर, जिथे स्पर्धा तिथे बापलेक एसटीने जायची. वयासाठी स्पर्धेत बापाचं प्रतिज्ञापत्र चालायचं. त्यात गुरुजींनी पोळ्याची तारीख घातली. तिथे पटाची भानगड नव्हती, मग खरं का नाही लिहायचं? शाळेची तारीख शाळेपुरती आणि खरी तारीख बाकी जगासाठी, अशी त्यांच्या डोक्यात दोन वेगळी कपाटं होती, आणि ती एकमेकांशेजारी आहेत हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नाही.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात सोलापूरला तृप्ती उपान्त्य सामन्यात हरली. समोरची मुलगी तिच्यापेक्षा चांगली हातभर उंच. खेळ संपल्यावर गुरुजींनी त्या मुलीला कॉलेजच्या परीक्षेबद्दल बोलताना ऐकलं. चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत कॉलेजची परीक्षा! नाशिकला परत येईपर्यंत मानेची शीर खाली बसली नाही. गंगापूर रोडच्या क्लबच्या हॉलमध्ये जिल्ह्यातल्या पालकांची सभा झाली, तिथे ते उभे राहिले.

"सगळेच म्हणतात, आमची मुलगी लहान आहे," ते म्हणाले. "प्रतिज्ञापत्रं कचऱ्यात टाका. पहिल्यांदा शाळेत घालताना जी तारीख लिहिली, तीच धरा. तेव्हा कुणाच्या डोक्यात टेनिस नसतं, म्हणून ती खरी असते."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात वाजवल्या मोहिनी देवरेंनी. त्यांची हर्षाली तृप्तीच्याच गटात खेळायची आणि असल्या थोराड मुलींकडून तीही मार खाऊन आली होती. सचिवांनी सूचना लिहून घेतली आणि वर पाठवली.

दिवाळीनंतर वरून प्रस्ताव आला. राष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धांची रचनाच बदलायची होती. आजवर राष्ट्रीय स्पर्धेआधी पात्रता फेरी असायची. कुणीही उठावं, स्वतःच्या पैशाने जावं, चार सामने जिंकावेत आणि आत शिरावं. ही फेरी आता बंद होणार होती. नवीन वर्षापासून प्रत्येक राज्य चौदाखालच्या मोजक्या मुली निवडणार, आणि सोळाखालच्या, अठराखालच्या जागाही पुढे त्यांच्यातूनच भरणार. थोडक्यात, चौदाखाली जो आत गेला तो गेला, राहिला तो कायमचा बाहेर. दुसरा बदल वयाचा होता. त्यातलं वाक्य जवळजवळ गुरुजींचंच होतं: जन्माच्या वर्षात झालेली नोंद, ती नसल्यास शाळाप्रवेशाची पहिली तारीख. नंतर केलेलं काहीही ग्राह्य नाही.

गुरुजी त्या दिवशी हवेत होते. आपलं वाक्य दिल्लीपर्यंत गेलं. राज्याच्या यादीत तृप्तीचं नाव वर होतं, निवड झाल्यातच जमा. जेवताना त्यांनी तो प्रस्ताव चिमणाबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. चिमणाबाई भाकरी थापत ऐकत होत्या. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या, पण संसार मास्तराशी झाला होता.

"मंग आपल्या तृप्तीची शाळंतली तारीख कोणती हाय?" त्यांनी विचारलं.

गुरुजींचा घास हातातच राहिला. शाळेच्या तारखेने तृप्तीला जूनमध्येच चौदा पुरी झाली होती. नवीन वर्षात ती चौदाखाली खेळूच शकत नव्हती. आणि चौदाखाली नाही, म्हणजे कुठेच नाही.

त्यानंतर गुरुजींचं कशातच लक्ष लागेना. वर्गात पाढे म्हणवताना मध्येच थांबायचे आणि मुलं तोच आकडा पुन्हा पुन्हा म्हणत बसायची. तृप्ती पहाटे उठून बूट घालू लागली की हे डोळे मिटून पडून राहायचे. तिला सांगायचा धीर होत नव्हता. ती आपली रोज सावळीराम सरांना विचारायची, की राष्ट्रीयला गवताचं कोर्ट असेल की मातीचं.

एका रविवारी ते पेठच्या गाडीत बसले. जुन्या शाळेत आता वाळू मास्तर होता, त्यांचाच विद्यार्थी, एक जूनचाच. त्याने गुरुजींच्या पाया पडून खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि रजिस्टर समोर ठेवलं.

"गुरुजी, अक्षर तुमचंच हाय. एक साल तर बदलायचं. मी बाहेर पाणी बघून येतो," तो म्हणाला आणि खरंच बाहेर गेला.

गुरुजी पेन हातात धरून बसले. नीतीने त्यांचा हात अडवला असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण हात अडवला भीतीने. उद्या पकडलं गेलं तर पोरीच्या नावाला जन्माचा डाग. ज्या लबाडीवर आपण सभेत तुटून पडलो, तीच आपल्या अक्षरात सापडेल. वाळू परत आला तेव्हा पेन खिशात होतं आणि गुरुजी चप्पल शोधत होते.

उरला एकच मार्ग, आणि तो सावळीराम सरांनी सांगितला. प्रस्तावावर जिल्ह्याजिल्ह्यांतून मतं मागवली होती. बऱ्याच ठिकाणी विरोध होता. नाशिकनेही नको म्हटलं तर नियम वर्षभर लांबणीवर पडायची शक्यता होती, आणि वर्षभरात तृप्ती आत जाऊन बसली असती. सरांनी बजावून सांगितलं, की कारण द्यायला जाऊ नका, घाई नको एवढंच म्हणा आणि बसा.

डिसेंबरात त्याच हॉलमध्ये सभा भरली. त्या दिवशी तृप्तीचा सरावही क्लबच्या कोर्टावर होता. सराव संपवून ती रॅकेट घेऊन मागच्या खुर्चीवर येऊन बसली. गुरुजींनी तिला बाहेर थांब म्हणून खुणावलं, तिला वाटलं बाबा हात करतायत. तिनेही हात केला.

सचिवांनी प्रस्ताव वाचला आणि कौतुकाने म्हणाले की सूचना मूळ भोये गुरुजींची, तेव्हा पहिलं मत त्यांनीच द्यावं. गुरुजी उठले. नियम चांगला आहे, पण घाई नको, वर्षभर थांबावं, असं कसंबसं म्हणून ते बसायला लागले. तेवढ्यात मोहिनी देवरेंनी विचारलं, अगदी साधेपणाने, की गुरुजी, तुम्हीच तर मागितला होता नियम, आता थांबायचं कशासाठी?

काहीही सांगता आलं असतं. खर्चाचं, तयारीचं, परीक्षांचं. दुसरा कुणी असता तर सुचलं असतं. गुरुजी पुन्हा उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. डोंगरातली शाळा, कमी पडलेला पट, एक जून, पोळा. सांगताना त्यांच्या लक्षात येत होतं की हॉलमधले चेहरे बदलतायत. लोक त्यांच्याकडे बघायचं टाळायला लागले होते. कुणीतरी मागे खोकल्यासारखं हसलं. वय कमी करून सांगणारे बाप त्या सगळ्यांनी पुष्कळ पाहिले होते. आधी वाढवून लिहिलं होतं म्हणणारा हा पहिलाच, पण कमीच करून मागत होता ना?

मोहिनीताई वाईट बाई नव्हत्या. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, सगळेच म्हणतात, आमची मुलगी लहान आहे."

आणि समजूत घालावी तशी त्यांनी मान हलवली. वाक्य कुणाचं होतं ते हॉलमधल्या प्रत्येकाला आठवत होतं. गुरुजींना सगळ्यात जास्त.

सचिवांनी हात वर करायला सांगितले. नियमाच्या बाजूने हात वर होत गेले आणि गुरुजींनी आपलाही हात वर केला. का केला ते त्यांना स्वतःला नीट सांगता आलं नसतं. नसता केला तर खोटारडा ठरलो असतो, असं त्यांना वाटलं. केला म्हणून कुणी खरा मानला, असंही झालं नाही. नाशिकचं मत नियमाच्या बाजूने गेलं. तृप्तीची खुर्ची तोवर रिकामी झाली होती.

ती बाहेर बसथांब्यावर सापडली. रॅकेट पिशवीत घालून चेन लावत होती. दोघं गाडीत बसली. देवळालीचा रस्ता निम्मा सरेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. गुरुजींना वाटलं रडेल, चिडेल, बोलेल काहीतरी. त्याची त्यांनी तयारी केली होती. ती वळली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"बाबा, खरं सांगा," ती म्हणाली. "मी रागावणार नाही. मी तेराची आहे की चौदाची?"

याची तयारी गुरुजींनी केली नव्हती. निम्म्या तालुक्याने आपला जन्म त्यांच्या शब्दावर मानला होता. कुणी उलटून विचारलं नव्हतं. तेराची, ते म्हणाले. ते सांगू लागले की त्या पोळ्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावताना निरोप आला, तसाच धावत आजोळच्या पाड्यावर गेलो, हात न धुता तुला घेतलं, तुझ्या दुपट्याला लाल डाग पडले म्हणून आजी ओरडली. तृप्ती ऐकत होती. पोळा तिला लहानपणापासून ठाऊक होता. दर पोळ्याला तिच्या ताटात पहिली पुरणपोळी पडायची. प्रश्न सालाचा होता, आणि सालाला हिंगूळ लागलेला नव्हता.

"आईला विचार," गुरुजी म्हणाले.

"आई तुमचंच सांगेल."

"शाळेत घातलं तेव्हा तुझा हात कानाला पोचत नव्हता," त्यांनी शेवटचा पुरावा काढला. "मीच तुझी मान कलती केली."

तृप्तीने मान हलवली. हॉलमध्ये मोहिनीताईंनी हलवली होती, अगदी तशीच. आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली.