मुंग्यांनी ओळखलेले उंदीर

आमच्या संशोधक बाईले 'काहून', म्हणजे 'का', विचाराची लय खोड. धंतोलीतला डॉक्टर भेटो की भाजीवाली, बाईचा 'काहून' तयारच. उंदराले सुद्धा विचारत, "काहून गा, आज खाल्लं नाही?" उंदीर मिशा हलवे आन बाई वहीत लिहून घेत. तो काय बोलला, ते मले आजवर समजलं नाही.

त्यांच्या प्रयोगशाळेत मी उंदरांचा शिपाई. पिंजरे धुवाचे, भुसा बदलवाचा, यंत्राची काडी रेघ ओढते त्या ड्रमवरच्या कागदाले काजळी धरवाची. दिवसभर तोंड काळं करून पगार घेणारा नागपुरात मी एकटाच असन. अर्ध्या उंदरांले बाईनं सुई देऊन साखरेची बिमारी केली होती, अर्धे चांगले ठेवले होते. बिमारीनं रक्ताच्या नळीचं काय होते, हे त्यांना पाहाचं होतं.

तेव्हा मी लंगडत होतो. डाव्या अंगठ्याची जखम भरतच नव्हती.

"काहून लंगडतो गा, देवाजी?"

"नवीन चप्पल चावली, बाई."

"दोन महिने झाले. अजून नवीनच आहे का?"

मी हसून टाळलं. खरं म्हणजे भेव होतं. पारशिवनीच्या माह्या काकाचा अंगठा असाच काळा पडला, मंग डॉक्टरनं गुडघ्याखालून पायच कापला. म्हणून मी पट्टी बांधून चूप.

एक दिवस मी गाढवपणा केला. सगळे पिंजरे एकदमच धुवाले काढले. उंदीर टोपल्यांत, पिंजरे उन्हात, पिंजऱ्यांवरची कार्डं माह्या खिशात. परत लावताना पाहातो तं कोणतं कार्ड कोणाचं? कार्डं इंग्रजीत, आन मी मराठीतबी तिसरीत दोनदा बसलेला.

"बाई, बिमार कोण न चांगला कोण, काही समजूनच नाही राहिलं."

बाईचं तोंड उतरलं. कितीतरी दिवसांची मेहनत होती. पण ओरडल्या नाही. "आता ओळखाचं कसं?"

"त्यात काय? उद्या सकाळी पाहू. साखरेवाल्याच्या भुशाले मुंग्या लागतात. मी रोज झाडतो ना!"

"हे मले आधी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही मुंग्यांचं कधी विचारलंच नाही."

सकाळी मुंग्या बरोबर काही पिंजऱ्यांवरच लागल्या. बाईनं सगळ्याच उंदरांची लघवी निळ्या औषधात उकळून पाहिली. मुंग्यांनी दाखवलेल्यांचीच साखरेनं विटेसारखी लाल झाली. मुंग्या पास. नापास मी एकटाच.

मंग माह्या अंगात हुशारी आली. म्हटलं, "त्यात काय कवतिक, बाई? मी शेडमागं उरकून येतो ना, तिथंबी लायनीनं येतात."

बाई हसता हसता थांबल्या. काचेची नळी हातात देल्ली. "जा, भरून आण."

तेबी लाल झालं.

"बाई, नळी उंदराची असन. धुतली नसन कोणी."

"नळ्या धुते कोण?"

"मी."

"चप्पल काढ."

अंगठा पाहून त्या तशाच उठल्या. मले यंत्रापाशी नेलं. उंदराच्या रक्तनळीचा अंगठीएवढाबी नाही असा तुकडा, गरम खारट पाण्यात धाग्यानं टांगलेला. एक औषध टाकलं की तो आवळे, काजळीवर काडी वर चढे. दुसरं टाकलं की ढिला होये, काडी खाली ये. चांगल्या उंदराची काडी सरळ खाली आली. बिमार उंदराची अर्ध्यातच अडकली.

"आवळते, पण पुरी मोकळी होत नाही, मंग रक्त पुढं कमी पोचते," बाई म्हणाल्या. "हे उंदराचं आहे, तुह्या अंगठ्याचं मी छातीठोक सांगत नाही. पण आता वाट पाहू नको."

"पाय कापतीन, बाई."

"काकानं किती दिवस लपवला होता?"

मी चप्पल घातली.

त्याच दुपारी बाईनं मले रिक्षात घालून रामदासपेठेतल्या डॉक्टरकडं नेलं. सुया झाल्या, पट्ट्या झाल्या, चहातली साखर गेली. अंगठ्याचं नख गेलं. अंगठा राहिला.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी हॉल भरला होता. मी पाया पडाले वाकलो, तं बाई माह्याच पायाकडं पाहून राहिल्या.

"आधी चप्पल काढ."

अख्ख्या हॉलसमोर काढली. बाईनं वाकून पाचही बोटं पाहिली, मंगच लोकांले हार घालू देल्ला.

आता बाई नाहीत. रोज सकाळी मी चप्पल काढून पाय पाहातो. कुठं जरासं लाल दिसलं, की स्वतःलेच विचारतो, "काहून गा, देवाजी?" आन उत्तर देताना नवीन चपलेचं नाव घेत नाही.